भांगातले पांढरे केस

केस रंगवणं मी दिवाळीनंतर सोडून दिलं. लोक काय म्हणतील ही धास्ती एकदाची गेली, असं वाटलं होतं.

परवा माहेरी गेले. आई खुर्चीत, मी तिच्यापुढे पाटावर. तिच्या हातात तीच खोबरेलाची वाटी. मी शाळेत असताना ती इतकी करकचून वेणी घालायची की भुवया वर ताणल्या जायच्या. आता तिची वेणी सैलच पडते. भांग पाडताना तिचं बोट मध्येच थांबलं.

"हे काय गं?"

"वय झालं माझं, आई."

तिनं भांगावरून तेलाचं बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "माझी पोरगीच म्हातारी झाली, तर मी कुठं जायचं?"

म्हातारं दिसण्याची भीती आपली एकटीचीच असते, असं मी धरून चालले होते.

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून काळ्या मेंदीचं पाकीट घेतलं.