तिकडच्या गाडीवरची रेखा

बातमी आली तेव्हा आसेगावच्या आमच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. मशीनच्या घरघरीत रेखाच्या दादांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन ऐकूच आला नाही. मग तो मला आला. मी घरी मजुरांसाठी भाकरी थापत होते. पलीकडचा माणूस तेलुगू वळणाच्या हिंदीत बोलत होता. रेखाअक्का ड्यूटी संपवून केंद्रावर खुर्चीत बसली, डोकं फार दुखतंय म्हणाली आणि तिथंच कलंडली, एवढं मला कळलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ज्या अँब्युलन्सवर ती इतकी वर्षं काम करत होती, त्याच गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, पण... तो माणूस पुढं बोलला नाही. मी चूल विझवली आणि शेताकडं चालू लागले. यांची एकुलती एक बहीण गेली, हे यांना कोणत्या शब्दांत सांगायचं, ते शेत येईपर्यंत सुचलं नाही. आता महिना होऊन गेला. शेतं रिकामी झाली. तिच्याबद्दल बोलायला लागलं की अजून थकून जायला होतं, म्हणून लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा रेखा दहावीत होती. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, हे दोघं बहीणभाऊ आणि मी. बारावीनंतर रेखानं वाशीमला नर्सिंगचा एक छोटा कोर्स केला आणि तिथल्या मैत्रिणीकडून तिला हैदराबादच्या प्रशिक्षणाचं कळलं. अपघातातला माणूस, अडलेली बाई, छातीत कळ आलेला म्हातारा, यांना दवाखान्यात पोचेपर्यंत गाडीतच कसं जगवायचं, ते तिथं शिकवत होते. मामाजी कितीतरी दिवस तयार नव्हते. आपल्या जिल्ह्यात दवाखाने काय कमी आहेत, परक्या मुलखात, परक्या भाषेत कायला जायचं, असं त्यांचं म्हणणं. रेखा वाद घालणारी नव्हती. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, आपल्याकडचा माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नाई. मले ते मधातलं काम शिकायचं हाय." जायच्या दिवशी तिची बॅग मामाजींनीच उचलली आणि एसटीपर्यंत नेली. वाशीमच्या स्टेशनवर तिला गाडीत बसवायला मी गेले होते. दोन वर्षांत परत येते म्हणाली होती.

दोन वर्षं झाली, मग आणखी झाली. प्रशिक्षण संपल्यावर तिला तिकडच्याच निर्मल शहराच्या बाजूला एका लहान गावात गाडीवर नेमलं. तेलुगू तिला आली ती दुखण्यापासून. कुठं दुखतं, श्वास घे, डोळे मिटू नको, भिऊ नको... एवढं आधी आलं. बाजारात वांगी घ्यायला मात्र बरेच दिवस बोट दाखवावं लागे. हे सांगताना ती फार हसायची. इकडं परत यायचे तिनं प्रयत्न केले, पण काही ना काही अडायचं, आणि तिकडं तर ती आता नव्या पोरींना शिकवायला लागली होती. शिरपूरच्या एका चांगल्या मुलाशी सोयरीक जुळली होती. काम सोडून ये, असं त्यानं सांगितलं. तिनं थोडा वेळ मागितला, पुन्हा थोडा मागितला, आणि शेवटी त्यांच्या घरचेच कंटाळले. त्याचं दुसरीकडं लग्न झाल्याचं मी भीतभीत फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "बरं झालं वहिनी. त्याले तरी किती थांबवू मी."

सुटीत आली की ती झोपायची. जेवायला उठवलं तर पटापट जेवायची, तेही उभ्यानं, जणू आता हाक येईल आणि निघावं लागेल. गावातल्या बायका बीपी तपासायला यायच्या, त्यांचं तपासून पुन्हा आडवी व्हायची. तिच्यासाठी हौसेनं केलेलं खायलाही ती जागी राहत नाही, याचा मला कधी राग यायचा. एका दुपारी माझ्याजवळ शेंगा फोडत बसली होती. हात चालू होते, नजर भलतीकडं. म्हणाली, "वहिनी, मले आता माणसं दिसूनच नाई राह्यली. नुसती छाती, हात, पाय दिसते." मी म्हटलं, सोडून दे मग, पुष्कळ केलंस. तिनं जरा विचार केला. "मंग कोन जाईन?" असं विचारलं. त्यात ऐट नव्हती. बैलाला चारा कोण टाकेल, असं विचारावं तितकं ते साधं होतं.

तीन वर्षांमागं उन्हाळ्यात मामाजी अंगणात पडले. दुपारची वेळ, हे शेतात होते. मी आधी अँब्युलन्सला फोन केला, मग रेखाला. तिनं लगेच उचलला. मामाजी बोलत नाहीत, छाती हलत नाही, असं मी सांगितलं. मग तिचा आवाज आला, पण तो मला ओळखीचा वाटेना. "फोन स्पीकरवर टाक. पेशंटले सपाट जमिनीवर घे. छातीच्या मधोमध तळहात ठेव, कोपरं वाकवू नको. मी मोजतो, तू दाब." आणि ती मोजायला लागली, तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू... त्याच भाषेत शिकली होती ती मोजायला. मी दाबत होते. माझे हात भरून आले, मी रडायला लागले, तरी तिचं मोजणं अडखळलं नाही. फक्त मधूनमधून म्हणायची, जोरानं दाब, थांबू नको. मंगरुळपीरहून गाडी आली, तिच्यातल्या माणसानं पुष्कळ खटपट केली आणि मान हलवली. रेखानं त्याला फोन द्यायला सांगितला. त्याच्याशी काही बोलली, मग मला म्हणाली, "वहिनी, ऊठ आता. हातपाय धू. मले केस आली हाय, मी जातो." आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ती पोचली. फोनवर काय झालं ते मी यांना सांगितलं होतं. तेराव्याला जेवणं उरकल्यावर यांचा बांध फुटला. चार माणसांत म्हणाले, "लोकाइच्या बापाइले वाचवते, अन् आपल्या बापाले फोनवर मोजून दाखवते. पेशंट म्हणते त्याले." तिनं ऐकलं. खरकटी ताटं उचलत राहिली. त्यानंतर बहीणभाऊ बोलले नाहीत म्हटलं तरी चालेल. तिचा फोन आला की हे न बोलता माझ्याकडं द्यायचे. ती पुन्हा आली तेव्हा मीच विषय काढला. ती म्हणाली, "बाबा म्हटलं असतं ना वहिनी, त मायाच्यानं मोजणंच झालं नसतं." मी ते यांना सांगितलं. यांनी पाठीवर फवारणीचा पंप चढवला आणि शेतात निघून गेले.

ती गेल्यावर तिला घेऊन तिकडचीच गाडी आली. गाडी चालवणाऱ्याला तिथं पायलट म्हणतात. मल्लेश नावाचा तो पायलट आणि रेखानं शिकवलेली एक पोरगी, दोघांचे डोळे सुजलेले. सगळं आटोपल्यावर मल्लेशनं तिची पिशवी यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "सर, अक्का हर छुट्टी में बोलती थी, इस बार भाई से बात करके आऊँगी." हे उभे होते ते ओट्यावर खाली बसले. मल्लेश त्यांच्या शेजारी बसून राहिला.

पिशवीत कपडे होते, स्वेटर होता, तिचा मोबाईल होता. तो मोबाईल हे रोज संध्याकाळी चार्जिंगला लावतात. कशासाठी, ते मी विचारलेलं नाही. गेल्या आठवड्यात सकाळी तो वाजला. मनाई असूनही तिनं आपला नंबर काही जुन्या रोग्यांच्या घरी दिला होता, त्यातलाच कोणीतरी. यांनी उचलला. पलीकडून घाबरलेला माणूस तेलुगूत भराभर बोलत होता. यांना काही कळेना, मग तो मोडक्या हिंदीवर आला. त्याच्या वडिलांना दम लागला होता. अक्का पाहिजे होती.

अक्का नाही, हे यांनी सांगितलं नाही. अँब्युलन्सला फोन लावलात का, म्हणून विचारलं. लावला होता, गाडी निघाली होती. तो माणूस रडकुंडीला आला होता. हे जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावली आणि म्हणाले, "घबराओ मत. उनको बिठाके रखो. गाडी आने तक मैं फोन पे हूँ."

चहा थंड झाला. बाहेरून मजुरानं हाक मारली, मी हातानंच थांब म्हटलं. हे मधूनमधून नुसतं "हां... हां, मैं हूँ" म्हणत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन कानापासून बाजूला केला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "आली गाडी."