हॅलोचेकचा अंगठा

जनसुनावणीत ताईचा आवाज दाबला तो खाणीच्या कंपनीने नाही, सुनावणी घेणाऱ्या साहेबांनीही नाही. तो दाबला तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, आणि तोही नुसत्या अंगठ्याने.

भाऊ माइकवाला. गावभर त्याला ‘हॅलोचेक’ म्हणत, कारण लग्न असो की शोकसभा, पहिले दोन शब्द त्याचेच असत. पुढचं त्याने कधी ऐकलं नाही. त्याला एकच धास्ती: स्पीकरने शिट्टी मारता कामा नये. त्यामुळे बोलणारा चढला की याचा अंगठा मिक्सरवरचं आवाजाचं बटण खाली ओढी. गावातले भलेभले पुढारी त्याने असे गपगार केले होते, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

ताई नर्स. गावामागच्या टेकडीवर खडीची खाण येणार हे कळल्यापासून तिने ड्यूटी सांभाळून दारोदार चपला झिजवल्या होत्या. टेकडीच्या पोटात झरा आणि त्या झऱ्यावर खालच्या वस्तीच्या विहिरी. टेकडी फोडली की विहिरी आटल्याच. सुनावणीत जेवढं रेकॉर्ड होईल तेवढंच वरच्या ऑफिसात जाणार होतं, आणि रेकॉर्डिंगची वायर हॅलोचेकच्याच मिक्सरमधून निघत होती.

“घरचाच माणूस आहे, मला कसला घोर?” ताई सगळ्यांना सांगत सुटली होती.

कंपनीचा माणूस मधाळ बोलला. झकास रेकॉर्ड झाला. मग ताई उठली. दोन वाक्यं नीट गेली, तिसऱ्याला साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. झरा, विहिरी, सगळं तिने ओरडून सांगितलं. माइकशिवाय मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचलं, टाळ्या पडल्या. बटण मात्र तोवर तळाला गेलं होतं.

अहवालात आलं, ‘आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे ऐकू येत नाही.’

ताईने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती त्याच्या दुकानात आली आणि स्पीकरच्या खोक्यावर बसली.

“अपिलाला माझ्याबरोबर ये. एवढंच सांग, ही बोलली होती, बटण मी ओढलं.”

“ताई, सरकारी हॉलची कामं त्याच ऑफिसातून मिळतात गं. तिथेच जाऊन सांगू, मला माइक सांभाळता येत नाही?”

“नाही येत हे सगळ्यांनी पाहिलंय, गाढवा. येतोस का?”

“येतो म्हटलं ना.”

अपिलाच्या दिवशी त्याने एका दुकानाच्या उद्घाटनाचं काम घेतलं. फोन वाजत राहिला. स्पीकरच्या आवाजात ऐकूच आला नाही, असं तो नंतर म्हणाला. तिकडे अपिलाच्या साहेबांनी साक्षीदार कुठाय म्हणून विचारलं, ताईने तीनदा दाराकडे पाहिलं, आणि अपील फेटाळलं गेलं.

आता दुपारी सुरुंग उडतात तेव्हा दुकानातल्या स्पीकरच्या जाळ्या थरथरतात. खाणीच्या उद्घाटनालाही माइक त्याचाच होता. शिट्टी एकदाही वाजली नाही.

ताई अजूनही येता-जाता त्याचं बीपी तपासते.

“ताई, त्या दिवशी मी...”

“बोलू नकोस, काटा हलतो.”

पट्टा सोडून ती निघते. खालच्या वस्तीत टँकर आलेला असतो आणि रांगेतली भांडणं तिलाच सोडवावी लागतात. त्याने कबूल केलेली साक्ष तेवढी राहून गेली आहे. ती काही मागत नाही, आणि त्याचं वाक्य ‘त्या दिवशी मी’च्या पुढे जात नाही.