दर्याकडं सैल, गावाकडं घट्ट

पुष्पलताला नट सैल करायला सांगितलं, की ती आधी समुद्र शोधायची. खोटं वाटेल, पण माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे.

मी पुंजाराम. मूळचा जालन्याकडचा, बिऱ्हाड सरावलीला आणि नोकरी तारापूरच्या एका सूत कारखान्यात. देखभाल खात्यात फिटर आहे. तोंडाचा फटकळ म्हणून कारखानाभर माझी ख्याती आहे, त्यामुळे शिकवणीला माझ्याकडे कोणी येत नाही. पुष्पलता आली, कारण तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

ती किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. पॅकिंगच्या बायकांत सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, खोक्यात भरायची. मग ते काम करणारं मशीन येणार असं ठरलं आणि दिवाळीनंतर पॅकिंग बंद होणार हेही. त्याच सुमारास वर्कशॉपमध्ये हेल्परची एक जागा निघाली. कारखान्यातल्या दहावी पास कोणालाही चाचणी देता येणार होती. थोडं तोंडी, थोडं हाताने करून दाखवायचं. ही जागा मिळाली तर नोकरी राहणार, नाहीतर घरी. अर्ज भरणाऱ्यांत बाई एकटी तीच.

"भाऊ, मला मशीनचं शिकवा," ती म्हणाली. "बाबांच्या बोटीवर पाना धरलाय मी. अगदीच कोरी नाय."

"बोट वेगळी, कारखाना वेगळा," मी म्हटलं. पण जेवणाच्या सुट्टीत ये, असंही म्हणालो.

पहिल्याच दिवशी वाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, एक बोल्ट धरला आणि तिला नट सैल करायला सांगितलं. तिने पाना उभा लावला, क्षणभर थांबली आणि ओढला. नट आणखी घट्ट. पुन्हा सांगितलं, पुन्हा घट्ट. मी वैतागलो. "अहो ताई, डावं-उजवं कळतं का?"

"कळतं ना. पण बाबांनी तसं नाय शिकवलं." मग तिने बापाची रीत सांगितली. पाना उभा लावायचा आणि वरचं टोक दर्याकडं ओढलं की सैल, गावाकडं ढकललं की घट्ट. तिचे बाबा खाडीत बोट एकाच जागी, एकाच तोंडाने लावायचे आणि ती इंजिनाच्या एकाच बाजूला बसायची. तिथे ही रीत शंभर टक्के खरी होती. माझ्या वाइससमोर ती उलट्या तोंडाने उभी होती, त्यामुळे तिथे ती शंभर टक्के खोटी ठरली.

मी कपाळावर हात मारला. पण मग डोक्यात किडा वळवळला. आमच्या वर्कशॉपला एकही खिडकी नाही. हिला दर्या दिसला कुठून? मी तिला कॉम्प्रेसरच्या खोलीत नेलं. तिथे दिवसासुद्धा दिवा लागतो आणि आवाजाने कान बसतात. डोळे मिटायला लावले, चार गिरक्या घ्यायला लावल्या आणि म्हटलं, दाखवा दर्या. तिने पदर सावरला आणि हात सरळ केला. मी फोनमधलं होकायंत्र उघडून पाहिलं. पश्चिम. पुन्हा फिरवलं, पुन्हा पश्चिम. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस मी, पण भिंतीपलीकडचा समुद्र असा अंगात बाळगणारं कोणी पाहिलं नव्हतं.

"कसं कळतं?"

"कसं म्हंजे? तो हाय ना तिकडं."

तरी मी तिला बजावलं की कारखान्यात दर्या विसरायचा. घड्याळाचे काटे फिरतात तसं घट्ट, उलट फिरवलं की सैल. ती मान डोलवायची आणि घाई झाली की हात पुन्हा समुद्राकडे जायचा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मी दोनदा ओरडलोही. ती रागावली नाही. पॅकिंगच्या कोनावर अंगठ्याने घड्याळ काढून सराव करत बसायची.

बाकी सगळं मात्र तिने अधाशासारखं घेतलं. दोन दातेरी चाकं एकमेकांना लागली की उलटी फिरतात, मध्ये तिसरं घातलं की पहिलं आणि शेवटचं एका दिशेने, हे तिला एकदाच सांगावं लागलं. एकदा भंगारातलं डिझेल इंजिन उघडून दाखवलं. आत हवा ओढली जाते, पिस्टन ती दाबतो, त्या दाबाने हवा एवढी तापते की डिझेल फवारताच पेट घेतं, आणि मग धूर बाहेर.

"काडी नाय, ठिणगी नाय?" तिने विचारलं. "नुसतं दाबून पेटतं?"

"नुसतं दाबून."

तिने सिलिंडरच्या आत हात घातला, आणि देवाच्या पायावर ठेवावा तसा ठेवून उभी राहिली. "जन्म गेला या आवाजात," ती म्हणाली, "आणि आत काय चाललंय ते आज कळलं." इतकी वर्षं ही इंजिनं मी खोलतोय, पण त्या दिवशी मलाही त्या लोखंडाचं नवल वाटलं.

चाचणी मेहुल साहेबांनी घेतली. ते आमचे तरुण इंजिनिअर, बोलायला गोड आणि नजरेने कडक. सोबत मी. तोंडी प्रश्न तिने झकास सोडवले. मग साहेबांनी धार लावायच्या ग्राइंडरकडे बोट दाखवलं. त्याला दोन टोकांना दोन दगडी चाकं असतात. "डावीकडचं चाक उतरवा."

त्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, आणि आमच्या शिकवणीची गाडी तिथवर पोहोचलीच नव्हती. आधीच्या सगळ्या उमेदवारांनी तो नट आवळून ठेवला होता. तिने पाना उभा लावला. तिने पाना ओढला आणि नट सुटला.

"वा," साहेब म्हणाले. "फक्त तुम्हालाच जमलं."

झालं, जागा हिची, असं मी मनात म्हणतोय तोवर ती बोलली. "सायेब, माजं चुकलंय. घाबरून मी दर्याकडं ओढला. घड्याळानं बघितलं तर तो आवळायला पायजे होता. सुटला कसा, मला माहीत नाय."

मी डोळे मिटून घेतले. साहेब तिच्याकडे वळले. "गप्प राहिला असतात तर आम्हाला कळलंही नसतं."

"उद्या या चाकासमोर कोणीतरी उभं असंल ना," ती म्हणाली. "मला जरा बघू द्या."

ती वाकली. डावीकडचे आटे नखाने चाचपले, मग वळसा घालून उजवीकडचे. "यांचा चढ उलटा हाय," ती पुटपुटली. नट पुन्हा बसवून तिने मशीन क्षणभर चालू करायला लावलं आणि बंद होताना चाक कुठल्या बाजूला फिरतं ते पाहिलं. मग तसंच बोट हवेत फिरवलं. आणि मला तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं. माणसाला एखादी गोष्ट कळते, ती नेमकी कळतानाची घडी फार थोड्या वेळा बघायला मिळते.

"होडी हिसक्यानं सुटली की उभा माणूस मागं पडतो," ती सावकाश म्हणाली. "तसं चाक पळायला लागलं की नट मागं राहतो. मागं राहताना तो आवळला पायजे, सुटला नाय पायजे. दोन बाजू दोन टोकांना, म्हणून यांचे आटे उलटे. बरोबर हाय का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मी हे पाठ केलं होतं. तिने ते तिथे उभ्या उभ्या शोधून काढलं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "आता नवीन चाक चढवा."

तिने चाकाला तडा नाही ना ते टिचकी मारून ऐकलं, ते बसवलं, नट बेताने आवळला आणि झाकण लावलं. मग बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. आम्ही दोघे चाकाच्या अगदी समोर उभे होतो. नवीन दगड पहिल्यांदा फिरताना फुटूही शकतो.

"सायेब, भाऊ," ती म्हणाली, "दोघं बाजूला व्हा."

आम्ही दोघेही निमूट बाजूला झालो.