इस्माईल सरांनी मागितलेले पॅड

मी इस्माईल सरांच्या विरोधात खोट्या कागदावर सही केली होती.

आज सकाळी सर गेले. वय नव्वदीच्या आसपास. दुपारी त्यांना माती देऊन आलो आणि बसून हे टाइप करतोय. इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर सालची गोष्ट. मी मैंदर्गीहून सोलापूरला शिकायला आलो होतो. शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. माझ्या घरी कन्नड, त्यामुळे माझं मराठी ऐकून वर्गात पोरं हसायची.

ग्राउंडवर कुणी हसायचं नाही.

इस्माईल सर खरं तर कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई. तरुणपणी चांगली हॉकी खेळलेले. कॉलेज लहान, कोच ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून संध्याकाळी तेच आम्हाला शिकवायचे. त्याचं त्यांना काही मिळत नव्हतं. कागदोपत्री ते कोचही नव्हते. ‘सर’ आम्हीच म्हणायचो.

टीम म्हणजे अकरा जण आणि एक एक्स्ट्रा. निम्मे यंत्रमागावर काम करून यायचे. स्टिक तुटली की सर सरस लावून, दोरा गुंडाळून तीच परत हातात द्यायचे. स्पोर्ट्सचा जो काही फंड होता तो क्रिकेटला जायचा.

मी गोलकीपर. माझ्या पॅडचा गुडघ्यावरचा भाग पार फाटून गेला होता.

नवीन पॅडसाठी सरांनी प्रिन्सिपॉलना तीनदा अर्ज दिला. तिसरा मीच लिहून दिला, कारण सरांना लिहायला अवघड जायचं.

उत्तर आलं नाही. निरोप मात्र आला, की यंदा टीम स्पर्धेत उतरली नाही तर हॉकी बंद.

मॅचच्या दिवशी सरांनी लायब्ररीतल्या रद्दी पेपरांच्या जाड घड्या माझ्या गुडघ्यांवर ठेवल्या आणि सुतळीनं आवळून बांधल्या. चालून दाखव म्हणाले. मी चाललो.

ते बराच वेळ माझ्या गुडघ्यांकडेच बघत होते. मग म्हणाले, “शॉर्ट कॉर्नरला पुढं पळू नको. लाइनवरच थांब.”

सेकंड हाफमध्ये समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला, म्हणजे जवळून थेट गोलवर फटका. मुरमाचं ग्राउंड. बॉल खड्याला लागून उसळला.

मी पुढं पळालो होतो.

उजव्या गुडघ्याची वाटी फुटली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मोठं ऑपरेशन आहे, पुण्याला न्या. माझे वडील मैंदर्गीच्या बाजारात शिलाई मशीन घेऊन बसायचे. त्यांना ते झेपणारं नव्हतं.

चौथ्या दिवशी कॉलेजचे हेडक्लार्क एक कागद घेऊन आले. इंग्रजीत टाइप केलेला. पॅड स्टोअरमध्ये होते, पण लायब्ररीच्या शिपायानं ते घेतले नाहीत आणि परवानगी नसताना मला खेळवलं, असं त्यात होतं. खाली माझ्या सहीची जागा. सही केली तर ऑपरेशनचं सगळं कॉलेज बघणार होतं.

उद्यापर्यंत विचार करा म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी सर आले. रोज यायचे, घरून डबा घेऊन. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मीच तो कागद वाचून त्यांना अर्थ सांगितला.

एकेक ओळ.

वडील खाली मान घालून बसले होते. सरांनी डबा उघडून माझ्यापुढं ठेवला.

“सही कर,” म्हणाले.

मी म्हणालो, सर, हे खोटं हाय की.

“पाय तुझा हाय, बेटा. मला फार तर ग्राउंडवर येऊ देणार न्हाईत.”

मी सही केली.

खरं सांगतो, सरांनी सांगितलं म्हणून नाही केली. त्यांनी नको म्हटलं असतं तरी केली असती. मी लई घाबरलो होतो.

ऑपरेशन झालं. पाय वाचला, अजून लंगडतो एवढंच. सरांना ग्राउंडवर बंदी झाली. आणि वर्ष संपायच्या आत हॉकीसुद्धा बंद झाली.

पुढची दोन वर्षं मी लायब्ररीत पाऊल टाकलं नाही. पुस्तकं मित्राकडून मागवायचो.

मग नोकरी, बदल्या, संसार. सरांकडे जायचं जायचं म्हणत राहून गेलं.

मागच्या वर्षी शेवटी त्यांच्या घरी गेलो. चाल बघूनच त्यांनी ओळखलं. मी माफीचा विषय काढला तर हात वर करून थांबवलं.

“तो कागद पुरा खोटा नव्हता. पॅड नाहीत हे मला माहीत होतं, तरी तुला उभा केला. टीम उतरली नाही तर हॉकी बंद होईल, हा विचार मी पहिला केला. तुझ्या गुडघ्याचा नंतर.”

मी म्हणालो, सर, पण तुम्ही थांब म्हणालात आणि मीच पळालो.

“वीस वर्षाचं पोरगं पळणारच की. म्हणून तर पॅड लागतात.”

चहा घेतला आणि निघालो.

आज कब्रस्तानातून बाहेर पडताना त्यांच्या थोरल्या मुलानं विचारलं, तुम्ही अब्बांना कसे ओळखता? मी म्हटलं, त्यांच्या टीमचा गोलकीपर.

तो म्हणाला, “अब्बा सांगायचे, दम लागायला लागला म्हणून हॉकी सोडली.”

तेव्हा सर चाळिशीचेही नव्हते.

मी त्याला तिथंच उभं राहून सगळं सांगितलं. पॅड, तीन अर्ज, कागद, माझी सही. तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला असेलही.

मग म्हणाला, “अम्मीलापण तेच माहीत आहे, दम लागत होता म्हणून. तुम्ही घरी येऊन तिला सांगाल?”

दवाखान्यात रोज यायचा तो डबा त्याच करून द्यायच्या.

हो म्हणालोय. उद्या सकाळी जातोय.

सर, तुम्हाला सलाम. मनापासून श्रद्धांजली.