मंजिऱ्या खुडणारे हात

सुनंदाबाई तोंडानं फार बोलत नसत. गप्प बसत नसत ते त्यांचे हात. कुणाकडे चहाला गेल्या तरी बोलता बोलता सोफ्याच्या कव्हरचे सुटे दोरे ओढून काढत, आणि निघताना गॅलरीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडत. मंजिऱ्या राहिल्या तर तुळस लवकर वठते, हे आईनं लहानपणी सांगितलेलं त्यांच्या बोटांत मुरलं होतं. दिंडोशीच्या त्या कॉलनीत एकाही तुळशीवर मंजिरी टिकत नसे. "सुनंदा येऊन गेली वाटतं," बायका कुंडीकडे बघून म्हणत.

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर या हातांना काम पुरेना. डबे पुसून झाले, पुसलेले पुन्हा पुसून झाले.

"एक दिवस मलाही पुसून फळीवर ठेवशील," देवदत्त, म्हणजे त्यांचे यजमान, पेपरमागून म्हणाले.

कांदिवलीहून लेक गंधाली रोज फोनवर सांगे, "आई, जरा बस ना गं." पण बसलं की आत काहीतरी धडधडायला लागे. ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांना थारा मिळाला तो इमारतीमागच्या पडीक पट्ट्यात. टाकीपासून कुंपणापर्यंतची ती जागा त्यांनी हिवाळ्यात मागून घेतली, राडारोडा उपसला, माती भरली. कॉलनीचे सेक्रेटरी मार्तंडराव तिथे फरशा घालून गाड्या लावायच्या बेतात होते. ते म्हणाले, "वहिनी, हा उन्हाळा तुमचा. मेअखेरच्या सभेत पीक दाखवा, जागा तुमची. नाहीतर पार्किंग."

काकडीचे आणि लाल भोपळ्याचे वेल झकास वाढले. फुलंही आली. पण फुलामागची बोटभर काकडी दोन दिवसांत पिवळी पडायची, वाकडी व्हायची, गळायची. भोपळ्याचं लिंबाएवढं फळ देठाशी कुजायचं. सुनंदाबाईंनी पाणी वाढवलं, मग कमी केलं. शेणखत घातलं. माती उकरून पाहिली. पहाटे उठून वेलांपाशी जायच्या आणि गळलेल्या काकड्या मुठीत घेऊन परतायच्या.

"अगं, वेलांना जरा एकटं सोड," देवदत्त म्हणाले.

"सोडते, आणि मग तिथे गाड्या उभ्या राहू देत! तुम्हाला काय, तुमचा पेपर कुठे जात नाही."

मे उजाडला आणि वेलांवर नुसती पानं-फुलं, फळ एकही नाही.

एका सकाळी पहिल्या मजल्यावरच्या प्रियंकाचं पार्सल द्यायला त्या वर गेल्या. प्रियंका इस्पितळात नर्स, नुकतीच रात्रपाळी संपवून आलेली; दिवसा ती झोपलेली असे, म्हणून तिच्याकडे चहाला जाणं कधी झालंच नव्हतं. तिच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळशीच्या कुंड्या होत्या, आणि त्यांवर वीतभर लांब मंजिऱ्या. सुनंदाबाईंचा हात आपोआप पुढे गेला.

"काकू, हात नका घालू! माशा आहेत."

खरंच, प्रत्येक मंजिरीवर मधमाशी होती. एक उडाली की दुसरी बसत होती.

"एवढ्या?"

"रोज सकाळी येतात हो. मला कुठे वेळ असतो बघायला? पाणी टाकते आणि झोपते."

हात तसाच हवेत राहिला. सुनंदाबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. त्यांचा पट्टा विंचरल्यासारखा स्वच्छ होता. कोथिंबीर फुलावर गेली तशी त्यांनी उपटली होती. मुळ्याला पांढरा तुरा आला, तोही उपटला. कुंपणावरची घाणेरीची फुललेली झुडपं छाटून टाकली होती. वेलांवर फुलं उघडी होती आणि त्यांच्याकडे एकही माशी फिरकत नव्हती; पराग या फुलातून त्या फुलात नेणार कोण, आणि फळ धरणार कसं? तिथे यावं असं खाली त्यांनी काही ठेवलंच नव्हतं.

"प्रियंका," त्या हळूच म्हणाल्या, "या कुंड्या मला थोडे दिवस देशील?"

कुंड्या वेलांच्या मध्ये ठेवल्या. आता करायचं काही उरलं नव्हतं, आणि तेच त्यांना जमेना. प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या. एक मंजिरी वाळलेली दिसली, बोटं शिवशिवली. कडेला गवत उगवलं, पाय हलले. छातीतली धडधड वाढली, तरी उठल्या नाहीत. चहा घेऊन आलेले देवदत्त कप धरून नुसते बघत राहिले.

माशा त्याच सकाळी आल्या नाहीत. आल्या, तेव्हा आधी तुळशीवरच घुटमळल्या. मग एक काकडीच्या फुलात शिरली आणि अंगाला पिवळं माखून बाहेर आली. भोपळ्याचं फूल उन्हं चढली की मिटतं, पण त्याआधी त्यातही दोघी लोळून गेल्या.

नेमके तेव्हा मार्तंडराव आले. "वहिनी, ह्या माशा कुठून आल्या? पोरं खेळतात इथे. थांबा, फवारणीवाल्याला फोन करतो."

सुनंदाबाई ताडकन उठल्या. "खबरदार! त्यांना मी बोलावलंय."

मार्तंडरावांच्या टकलावर एक माशी बसली. त्यांचा हात वर जाऊ लागला.

"हलू नका, भाऊजी. तिला तिथे काही मिळायचं नाही, जाईल ती."

ती गेली. मार्तंडरावांनी घाम पुसला, मोबाईल खिशात ठेवला. "सभेपर्यंत बघू," एवढंच म्हणाले.

सभेत सुनंदाबाईंनी काही भाषण केलं नाही. परातभर काकड्या चिरून, मीठ-तिखट लावून ठेवल्या, शेजारी नारळाएवढा एक हिरवाच भोपळा. परात मार्तंडरावांपाशी पोचेपर्यंत निम्मी झाली होती. "गाड्या काय, बाहेर लागतायतच," ते खाता खाता म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहू दे."

जिना चढताना मार्तंडरावांच्या पत्नी वनमालावहिनींनी दारातून हाक मारली. "सुनंदा, किती दिवसांत आली नाहीस गं! माझी तुळस बघ, मंजिऱ्यांनी लगडलीय. खुडून जा ना."

सुनंदाबाईंचा हात कुंडीपर्यंत गेला. मग त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि बोटाला घट्ट गुंडाळलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "चहा ठेव. बसते जरा."