ऊन लागलं म्हणे

पाचव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीण बाईंनी बजावून सांगितलं होतं: रक्त थोडे दिवस जाईल, त्याला घाबरू नका, पण ताप आला, थंडी वाजली, पोट दुखायला लागलं किंवा अंगावरून जातं त्याला घाण वास आला, तर तशाच उठून या. मग पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पिशवी चांगली आहे तुमची." त्या एका वाक्यावर मी घरी आले. नाहीतर घरी यावं असं माझं काही उरलं नव्हतं.

घरी बायका भेटायला येत. प्रत्येकीला काय खाल्लं, काय उचललं, कुठे गेली होतीस, सगळं हवं असे. एका दुपारी मी कंटाळून गच्चीवर जाऊन बसले. मे महिना, डोक्यावर काही नाही. दुसऱ्या दिवशी अंग तापलं आणि निकाल तिथेच लागला.

"ऊन लागलं वं तुले," सासूबाई म्हणाल्या. "काहून गेली होती उघड्या डोक्यानं?"

"आई, ताप आला तर या म्हटलं होतं बाईंनी."

"मे महिन्यात नागपुरात ताप कोणाले येत नाही? कैरी भाजून राहिली मी. पन्हं पी, उतरून जाईन."

त्या वाईट नव्हत्या. तळपायाला कांदा चोळताना त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत होते, तरी त्या उठल्या नाहीत. या घरात तीन पिढ्यांचं ऊन याच हातांनी उतरवलं होतं. पण मला संताप येत होता. माझ्या पोटात कळा येत होत्या आणि घर माझ्या डोक्याकडे बघत होतं.

खोलीत वास यायला लागला. सासूबाईंनी कूलरचं पाणी बदललं, गवत कुजलं म्हणाल्या, नवीन गवत लावून घेतलं. वास माझा होता. मला कळत होतं. सांगायच्या लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. नवऱ्याला बुटीबोरीच्या कारखान्यात फोन केला, तर तो म्हणाला, "आई आहे ना जवळ? शिफ्ट संपली की बघतो."

तो आला तेव्हा कूलर बंद करून मी गोधडी मागत होते. दात वाजत होते. नागपूरच्या मे महिन्यात गोधडी! त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढली.

आत काहीतरी राहिलं होतं, तेच सडलं, विष रक्तात गेलं. औषधांनी आटोक्यात येईना, तेव्हा मला वाचवायला पिशवी काढली. शुद्धीवर आल्यावर बाईंनी सगळं नीट समजावलं. मी हो हो म्हणत राहिले. का वाचवलं, एवढंच विचारायचं होतं, ते विचारलं नाही.

सासूबाईंना आत सोडलं तेव्हा त्या रडून रडून सुजल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"चुकलंच वं माझं. पुढल्या खेपेले मी तोंड नाही उघडणार. जरासं अंग गरम झालं तरी पहिले इथंच आणीन तुले."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत उभा होता. पिशवीचं त्यानं त्यांना सांगितलंच नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "इकडे बसा जरा."