नाव कोरलेलं ताट

“रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे,” डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, “दुसरीकडे तपासलं तर?”

भाजीबाजारात वीस वर्षं काढलेली बाई मी. पहिला भाव मान्य करायची सवय नाही. नवरा गेल्यावर गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला टोपली घेऊन बसले. आता स्वतःचं दुकान आहे. धाकट्या भावाला, दिलीपला, मीच वाढवलं. दोन महिने त्याला ताप होता, जुलाब होते, तोंडात पांढरा थर होता, म्हणून खासगी दवाखान्यात ठेवलं होतं.

रिपोर्ट आला तसा त्या खासगी दवाखान्याने त्याच्या पलंगाला लाल अक्षरांत ‘एचआयव्ही’ लिहिलेला कागद चिकटवला. संध्याकाळी म्हणाले, घेऊन जा. मी केलेला आरडाओरडा अख्ख्या मजल्याने ऐकला. तो राग अजून गेलेला नाही.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवस बाकावर बसून चाचण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. एचआयव्ही हा विषाणू. तो रोगाशी लढायची ताकद खात जातो. ती ताकद संपत आली की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. सीडी फोर म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींची मोजणी. दिलीपची फार खाली होती. एआरटी म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या. रोज, ठरल्या वेळी, जन्मभर.

“जन्मभर? वर्षभरात जमवा ना साहेब.”

“अम्मा, यात भाव होत नसतो.”

तिथल्या सिस्टर जवळच्याच बोथ गावच्या, आमच्या बोलीतल्या. जखम धुताना हातमोजे घालायचे, रक्ताचे कपडे ब्लीचच्या पाण्यात भिजवायचे, दाढीचं ब्लेड त्याचं वेगळं, हे त्यांनी करून दाखवलं. “बाकी जवळ बसा, एका ताटात जेवा. रक्ताले हातमोजे लागतात बाई, माणसाले नाई.”

मी मान हलवली. आणि घरी जायच्या आधी भांड्यांच्या दुकानात शिरले. एक ताट, एक लोटा घेतला. चुकून कोणी वापरू नये म्हणून दोन्हींवर दिलीपचं नाव कोरून घेतलं. तिथेही घासाघीस केली. लोट्यावरचं नाव फुकट कोरून घेतलं.

दिलीपने नावावरून बोट फिरवलं. “वा आक्का! इतक्या लवकर?”

“गुमान जेव,” मी म्हटलं.

पहिल्या महिन्यात दवाखान्याच्या बाकी औषधांनी ताप उतरला. तो दुकानात बसू लागला, गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा जास्त भांडू लागला. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या महिन्यात गोळ्या आणायला गेलो. सिस्टर उरलेल्या गोळ्या मोजतात. डबी जवळजवळ भरलेली होती.

“काऊन रे भाऊ, गोळ्या खाऊन नाई राह्यला?”

“आमच्यात भांड्यावर नाव कोरून वाटतात ते माणूस गेल्यावर, तेरवीले. आक्कानं माझं आधीच कोरून ठेवलं. मंग गोळ्या कोणासाठी खाऊ?”

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्या लाल कागदावरून मजला डोक्यावर घेणारी मी. घरात तोच कागद मी स्टीलमध्ये कोरून आणला होता.

त्या दिवसापासून मी समोर बसून गोळ्या दिल्या. पण पंधरा दिवसांत डोकं ठणकू लागलं, उलट्या सुरू झाल्या. त्याच सरकारी दवाखान्यात भरती केलं, पाठीतून पाणी काढून तपासलं. क्रिप्टोकोकल मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणात शिरलेली बुरशी. “गोळ्या सुटल्या, उशीर झाला,” डॉक्टर म्हणाले. “प्रयत्न करू.”

अकरा दिवस मी त्याची कूस बदलली, अंग पुसलं, तोंडातला थर ओल्या कापडाने काढला. घरून तेच ताट मागवलं. त्यात वरणभात कालवून आधी एक घास मी खाल्ला, दुसरा त्याला दिला.

“आक्का, लागण होईल ना तुले.”

“गप. सिस्टरनं सांगितलं, नाई होत.”

“मंग तवा नव्हतं सांगितलं?”

मी पुढचा घास कालवला. बाराव्या दिवशी तो गेला. सिस्टरनी त्याचे डोळे मिटले आणि मला धरून बाकापर्यंत आणलं. मी त्यांचं ऐकलं नव्हतं, तरी त्यांनी मला बोल लावला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तेरवीला नातेवाईक म्हणाले, नाव कोरून भांडी वाटा. मी वाटली नाहीत.

तुमच्या घरी हा आजार आला तर गोळ्या वेळेवर द्या, हे तुम्हाला सगळे सांगतील. मी एवढंच सांगते, ताट वेगळं करू नका.

दिलीपच्या ताटात आता मी जेवते. राखेने घासून पाहिलं. नाव जात नाही.